जुनी मोटार सुरू होत नाही? ठिणगी कुठे अडली ते असं शोधा

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरीत दम आहे, काल-परवापर्यंत गाडी नीट चालतही होती. जुनी मोटार घरी आणलेल्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

माझ्यावर आली तेव्हा मी प्लग बदलले. मग कॉइल, मग सगळ्या वायरी, मग डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीचा दाब एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाची) कॅप. पाच आठवडे असेच गेले. शेवटी दोष सापडला तो डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बोटभर लांबीच्या वायरीत. वरचं आवरण शाबूत होतं, आतली तार तुटलेली होती. पहिल्याच दिवशी टेस्ट लॅम्प (करंट असेल तिथे टेकवल्यावर पेटणारा छोटा दिवा) घेऊन बसलो असतो तर ती अर्ध्या तासात हाती लागली असती. तेव्हापासून मी एक नियम कसोशीने पाळतो: करंट कुठपर्यंत पोचतोय आणि कुठे थांबतोय हे कळेपर्यंत एकही भाग बदलायचा नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत, म्हणून त्या क्रमानेच करा.

हे सगळं पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन तोंडं) आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना करंट झेलणारा छोटा भाग) असलेल्या, १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवलेलं असेल तर पायरी ५ ते ७ तशाच्या तशा लागू होणार नाहीत. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी रचना समजून घ्या

ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींवर ती पहिल्यांदा आली. त्यांच्या कंपनीचं आद्याक्षरी नाव डेल्को. बऱ्याच मेकॅनिकांच्या तोंडी डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात, ते यावरूनच. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळेपर्यंत जगभरातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच तत्त्वावर धावल्या. त्यामुळे एका गाडीवर शिकलेलं दुसऱ्या गाडीवर कामाला येतं.

करंटचे दोन रस्ते आहेत. पहिला लो टेन्शनचा: बॅटरी, इग्निशन स्विच, कॉइलचं एक टर्मिनल, कॉइलच्या आतलं जाड तारेचं वेटोळं, कॉइलचं दुसरं टर्मिनल, तिथून पातळ वायरीने डिस्ट्रिब्युटर, पॉइंट आणि शेवटी अर्थ, म्हणजे इंजिन-बॉडीचा धातू. पॉइंट मिटलेले असतात तोवर करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं. त्या क्षणी कॉइलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो.

दुसरा रस्ता या दाबाचा, म्हणजे हाय टेन्शनचा: कॉइलची मधली जाड वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॅपमधला कार्बनचा तुकडा, रोटर (कॅपखाली फिरत एकेका प्लगच्या वायरीकडे वळणारा भाग), प्लगची वायर, प्लग.

ठिणगी पडते पॉइंट उघडताना, मिटताना नाही. एवढं पक्कं लक्षात असलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

जवळ काय हवं

- टेस्ट लॅम्प, तारेच्या बल्बचा. एलईडीचा नको. गंजलेल्या जोडातून जेमतेम झिरपणाऱ्या करंटवरही एलईडी पेटते आणि आपली दिशाभूल करते.
- साधा मल्टिमीटर.
- फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायची पाती.
- दोन्ही टोकांना क्लिप असलेल्या दोन-तीन सुट्या वायरी.
- चारशे नंबरचा पॉलिश पेपर, पांढरं जाड कागदी कार्ड, कॉन्टॅक्ट क्लीनर.
- प्लग पाना, पेचकस, रबरी मुठीची पक्कड.
- खात्रीचा, चालू गाडीतून काढलेला एक कंडेन्सर.
- तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल.

मॅन्युअलमधल्या सहा गोष्टी आधीच कागदावर उतरवून घ्या: पॉइंटची गॅप, प्लगची गॅप, टायमिंगचे (ठिणगी पडण्याच्या वेळेचे) अंश, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम), रोटर कुठल्या दिशेने फिरतो आणि कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (तो काय, ते पायरी ४ मध्ये) आहे की नाही. गाडी निगेटिव्ह अर्थची की पॉझिटिव्ह अर्थची तेही बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असायचा.

बोनेट उघडल्यावर हात घालण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठल्या खोबणीत होती हे दोन तासांनी आठवत नाही.

जिवाची काळजी

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि सैल बाह्या दुमडून घ्या. हाय टेन्शनची वायर उघड्या हाताने धरू नका. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी हे काम करू नये, चालू इग्निशनजवळ उभंही राहू नये. पेट्रोलचा वास येत असेल, कुठे गळती असेल, तर आधी ती थांबवा आणि हवा खेळू द्या. आपण मुद्दाम ठिणग्या पाडणार आहोत, हे विसरू नका.

आणखी एक सूचना कॉइलच्या जिवाची. इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापत जाते आणि जळूही शकते. चाचणी झाली की किल्ली लगेच बंद करा. विचार करत बसायचं ते किल्ली बंद करूनच.

पायरी १ : दोष खरंच इग्निशनचा आहे का?

एक प्लग काढा. तो ओला असेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय, संशय ठिणगीवर. ठणठणीत कोरडा असेल तर आधी कार्ब्युरेटर आणि पंप बघा.

आता तोच प्लग पुसून त्याच्या वायरीला लावा आणि प्लगच्या धातूच्या अंगाला क्लिपची वायर लावून इंजिनच्या स्वच्छ धातूवर अर्थ करा. प्लगच्या उघड्या भोकापासून तो दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर हाय टेन्शन प्लगपर्यंत पोचतंय. मग थेट पायरी ९ वर जा आणि टायमिंग बघा. ठिणगी नाहीच, किंवा पिवळट आणि मलूल आहे, तर पुढच्या पायरीवर या.

मलूल ठिणगीवर समाधान मानू नका. मोकळ्या हवेत ठिणगीला उडी मारणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पडत नाही.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने इंजिन पेट्रोलने भरून गेलं असेल तर चोकची कळ पूर्ण आत ढकला, म्हणजे हवेची वाट मोकळी राहील, अॅक्सिलरेटर तळाशी दाबून ठेवा आणि थोडा वेळ इंजिन फिरवा. नाहीतर दोष दुरुस्त झाल्यावरही गाडी सुरू होणार नाही आणि तुम्ही पुन्हा चुकीच्या ठिकाणी शोधत बसाल.

पायरी २ : बॅटरी आणि अर्थ

मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ चालू असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. सेल्फ इतका करंट खात असेल की कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही, तर इंजिन फिरत राहतं आणि ठिणगी मात्र पडत नाही.

अर्थची पट्टी बरेच लोक बघायचं विसरतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची पट्टी. गंजलेली असेल तर तिचे दोन्ही सिरे सोडवून, खरवडून पुन्हा घट्ट बसवा. रंग मारलेल्या पत्र्यावर अर्थ मिळत नाही.

पायरी ३ : कॉइलची मधली वायर

इथे रस्ता दुभंगतो. कॉइलमधून कॅपमध्ये जाणारी मधली जाड वायर कॅपच्या बाजूने उपसा. तिचं टोक रबरी मुठीच्या पकडीत धरून इंजिनच्या धातूपासून सुमारे ६ मिमी अंतरावर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. टोक मोकळ्या हवेत, धातूपासून लांब सोडून देऊ नका. दाबाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

जोरदार निळी ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ही मंडळी निर्दोष आणि दोष कॅप, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. पायरी ८ वर जा. ठिणगी नाही किंवा अशक्त आहे, तर दोष अलीकडे. पायरी ४ पासून सुरुवात करा.

या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते. मी मात्र ती न करताच प्लग विकत घेऊन आलो होतो.

पायरी ४ : कॉइलपर्यंत करंट येतोय का?

टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या धातूला लावा, किल्ली ऑन करा आणि टोक कॉइलच्या स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलला टेकवा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत हे प्लस टर्मिनल. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडचं, सीबी म्हणजे पॉइंटांकडचं.

लॅम्प पेटला नाही तर मागे मागे जा: बॅलास्ट असल्यास त्याच्या दोन्ही बाजू, मग स्विचचं आउटपुट, मग इनपुट. जिथे पहिल्यांदा लॅम्प पेटेल त्याच्या लगेच पुढे दोष आहे. चोरीविरोधी छुपा स्विच मागच्या मालकाने बसवला असेल तर तोही याच रस्त्यात सापडतो. गाडी नव्याने घेतली असेल तर याची चौकशी जरूर करा.

बॅलास्टबद्दल दोन शब्द. काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक रेझिस्टर, किंवा तेच काम करणारी रेझिस्टन्स वायर असते. इंजिन चालू असताना ती कॉइलला कमी व्होल्टेज देते. सेल्फ मारताना मात्र वेगळ्या वायरीने बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज थेट कॉइलला मिळतं. म्हणून अशा गाडीत पॉइंट मिटलेले असताना प्लसवर ६ ते ९ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. बॅलास्ट नसलेल्या गाडीत तिथे जवळजवळ बॅटरीइतकंच व्होल्टेज हवं. बॅलास्टसाठीची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. उलट केलं तर ठिणगी कायमची मलूल. मागच्या मालकाने यातलं काय करून ठेवलंय ते कॉइलवरचं लेबल वाचून तपासा.

पायरी ५ : पॉइंट करंट तोडतायत का?

सगळ्या लेखातली ही सर्वात महत्त्वाची चाचणी. खर्च काही नाही, डिस्ट्रिब्युटर उघडावाही लागत नाही. घाईत उरकू नका.

लॅम्पची क्लिप अर्थला तशीच ठेवा आणि टोक आता कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या. किल्ली ऑन करून सेल्फ मारायला सांगा आणि लॅम्पकडे बघत राहा. पॉइंट मिटलेले असताना करंट थेट अर्थला जातो, म्हणून लॅम्प विझतो. उघडले की लॅम्प पेटतो. म्हणजे इंजिन फिरताना तो लुकलुकला पाहिजे.

*लॅम्प लुकलुकतोय :* पॉइंट आपलं काम करतायत. तरीही ठिणगी नसेल तर संशय कंडेन्सर आणि कॉइलवर. पायरी ७.

*लॅम्प सतत पेटलेला :* करंटला अर्थ मिळत नाही. आता कॅप काढा आणि पाना लावून इंजिन अशा जागी आणा की पॉइंट मिटलेले दिसतील. लॅम्पचं टोक आधी डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलला, मग आतल्या पॉइंटच्या स्प्रिंगला टेकवा. कॉइलपाशी पेटतो आणि स्प्रिंगपाशी पेटत नाही, तर मधली वायर तुटलेली. स्प्रिंगपाशीही पेटत असेल तर एक सुटी वायर अर्थ करून तिचं दुसरं टोक पॉइंट ज्या पाटीवर बसलेत त्या बेसप्लेटला लावा. लॅम्प विझला तर बेसप्लेटला अर्थ मिळत नव्हता. आतली बारीक अर्थ-वायर तुटलेली असते. तरीही पेटलेलाच राहिला तर पॉइंटची तोंडं खराब. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा हेच निघतं.

*लॅम्प पेटतच नाही :* एकतर कॉइलच्या आतलं वेटोळं तुटलंय, नाहीतर करंट कायमचा अर्थला जातोय. डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलवरून सोडवा आणि लॅम्प त्याच टर्मिनलला पुन्हा लावा. आता पेटला तर कॉइल बरोबर आहे, शॉर्ट डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. नाही पेटला तर कॉइल गेली.

डिस्ट्रिब्युटरमध्ये शॉर्ट निघाला तर तीन जागा बघा. पॉइंट नुकतेच बदलले असतील तर सगळ्यात आधी स्प्रिंगच्या खिळीवरचे इन्सुलेटिंग वॉशर. स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलची वायर या तिघी एकमेकींना टेकलेल्या, पण खिळीपासून वेगळ्या राहायला हव्यात. वॉशरचा क्रम चुकला की नवेकोरे पॉइंट बसवूनही ठिणगी शून्य. नव्याने हे काम करणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच. दुसरी जागा कंडेन्सर. त्याची वायर सोडवल्यावर लॅम्प लुकलुकायला लागला तर कंडेन्सर आतून शॉर्ट. तिसरी जागा वायरीचं आवरण: घासून उघडं पडलेलं आणि पाटीला चिकटलेलं. याशिवाय पॉइंटची हील (कॅमवर, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टच्या उंचवट्यांवर, घासणारा भाग) इतकी झिजलेली असू शकते की ते उघडतच नाहीत.

मल्टिमीटरने हीच चाचणी आणखी बारकाईने करता येते. इंजिन थांबलेलं, पॉइंट मिटलेले, किल्ली ऑन. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉइंट, बेसप्लेट किंवा अर्थच्या जोडांत कुठेतरी अडथळा आहे. लॅम्पला हा फरक दिसत नाही.

आता माझ्या त्या बोटभर वायरीबद्दल. व्हॅक्युम अॅडव्हान्स (इंजिनच्या हवेच्या ओढीने टायमिंग बदलणारा भाग) बेसप्लेट सतत मागेपुढे फिरवतो. तिच्याबरोबर ती वायर वाकत राहते आणि आवरणाच्या आत एकेक तंतू तुटत जातो. थांबलेल्या अवस्थेत जोड टिकतो, पाटी फिरली की सुटतो. म्हणून लॅम्प लावलेला असताना पाटी बोटाने थोडी फिरवून बघा आणि वायर हळूच हलवा. लॅम्पची अवस्था बदलली की चोर सापडला. तिथे साधी कडक वायर लावू नका. बारीक तंतूंची मऊ वायर लागते.

पायरी ६ : पॉइंट साफ करणं आणि गॅप लावणं

किल्ली बंद. पॉलिश पेपरची घडी घालून दोन्ही तोंडांमध्ये धरा आणि तीन-चार वेळा ओढा. मग कार्डावर कॉन्टॅक्ट क्लीनर टाकून ते ओढा, कार्ड स्वच्छ बाहेर येईपर्यंत. एमरी कापड वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर घासत बसू नका, नवे पॉइंट लावा.

नव्या पॉइंटांनाही साठवणीचं तेल लावलेलं असतं. पुसल्याशिवाय बसवू नका.

गॅपसाठी हील कॅमच्या सर्वात उंच टोकावर आणा. इंजिन फिरवायला क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा. प्लग काढून ठेवले तर हलकं फिरतं. गॅप मॅन्युअलप्रमाणे. चार सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिमी असते. फीलर गेजचं पातं आधी पुसा, त्यावरचं तेल पॉइंटांना लागतं. पातं हलकं घासत सरकलं पाहिजे, अडकता कामा नये. स्क्रू आवळताना गॅप हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

कॅमवर ग्रीसचा बारीकसा थर द्या, मुगाच्या डाळीएवढा पुरे. जास्त झालं तर फिरताना उडून पॉइंटांवर बसतं. अजिबात नसेल तर हील झिजते आणि गॅप मिटत जाते.

गॅप बदलली की टायमिंग बदलतं. गॅप वाढवली तर टायमिंग पुढे सरकतं (ठिणगी लवकर पडते), कमी केली तर मागे. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट क्रम कधीच नाही.

पायरी ७ : कंडेन्सर आणि कॉइल

पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडू पाहते. कंडेन्सर तो करंट झेलतो, त्यामुळे कॉइलमधलं क्षेत्र झटक्यात कोसळतं. कंडेन्सर मेला की पॉइंटांमध्ये मोठी चमक दिसते आणि प्लगवर पिवळी, अशक्त ठिणगी, किंवा काहीच नाही.

साध्या मल्टिमीटरने कंडेन्सरची खात्री होत नाही. कपॅसिटन्स मोजणारा असेल तर ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास दिसायला हवं, पण तापल्यावर बिघडणारा कंडेन्सर थंड असताना बरोबरच दाखवतो. माझा भरवसा अदलाबदलीवर. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा. खात्रीच्या कंडेन्सरचं धातूचं अंग क्लिपने इंजिनला अर्थ करा आणि वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर लटकत ठेवूनही तो काम करतो. ठिणगी सुधारली तर उत्तर मिळालं.

कॉइल मोजताना तिच्या वायरी सोडवून घ्या. दोन बारीक टर्मिनलांमध्ये साध्या कॉइलला साधारण ३ ओहम, बॅलास्टच्या कॉइलला साधारण १.५ ओहम. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो यातून वजा करा. मधलं मोठं टर्मिनल आणि एक बारीक टर्मिनल यांमध्ये साधारण ५ ते १५ हजार ओहम. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आत तुटलंय. आकडे बरोबर असूनही गाडी तापल्यावर बंद पडत असेल, तर कॉइल तापलेली असतानाच पुन्हा मोजा.

कॉइलची जोडणी उलटी झाली असेल तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर मायनसला, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत प्लसला. अर्थ बदलून घेतलेल्या गाडीत हे आवर्जून बघा.

नवा म्हणून भाग चांगला असेलच असं समजू नका. पाकिटातून काढलेले कंडेन्सर आणि रोटर पहिल्याच दिवशी गेलेले मी पाहिले आहेत. जुना चालू भाग फेकू नका, डब्यात ठेवा.

पायरी ८ : कॅप, रोटर, वायरी, प्लग

कॅप आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दोन टर्मिनलांमध्ये दिसली तर ती कार्बनची वाट आहे. दाब तिथून पळतो. कॅप बदला, खरवडून ती रेघ जात नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर आतबाहेर होतो ना, तेही दाबून बघा. दमट हवेत आत दव धरलं असेल तर नुसतं पुसण्यानेही गाडी सुरू होते.

रोटरला दिसणारी तड नसली तरी तो आतून खालच्या शाफ्टला करंट देत असू शकतो. चाचणी सोपी आहे. कॅप काढलेली, रोटर जागेवर. कॉइलच्या मधल्या वायरीचं टोक पकडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या ५ मिमी वर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. पट्टीवर ठिणग्यांची रांग लागली तर करंट रोटरमधून आरपार अर्थला जातोय. चांगल्या रोटरवर अशी रांग लागत नाही.

प्लगच्या वायरींसाठी अंधार हवा. इंजिन फिरत असताना वायरींच्या अंगावर निळसर चमक नाचताना दिसली तर त्या गळतायत. प्लगची गॅप पॉइंटांच्या गाड्यांत बहुधा ०.६ ते ०.७ मिमी. वायरींचा क्रम फायरिंग ऑर्डरशी ताडून बघा: चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बहुतेक ठिकाणी १-३-४-२, सहाच्या सरळ इंजिनात १-५-३-६-२-४. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मोजा.

पायरी ९ : टायमिंग

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके मारते किंवा सेल्फला उलट झटके देते, तर वेळ चुकतेय.

एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि पान्याने इंजिन चालीच्या दिशेने फिरवा. अंगठा ढकलला जाऊ लागला म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. आता पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशांशी जुळवा. सापळा असा की ही खूण चार स्ट्रोकांच्या एका चक्रात दोनदा जुळते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. अंगठ्याची साक्ष न घेता डिस्ट्रिब्युटर बसवला तर तो बरोबर अर्धा फेरा उलटा बसू शकतो. खूण जुळल्यावर रोटर कॅपमधल्या एक नंबरच्या टर्मिनलकडे बघत असला पाहिजे.

मग लॅम्प पुन्हा कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा आणि किल्ली ऑन करा. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून त्याचं अंग रोटरच्या दिशेने फिरवा, लॅम्प विझेपर्यंत. आता हळूहळू उलट दिशेने. ज्या क्षणी लॅम्प पेटेल तिथेच थांबा आणि क्लॅम्प आवळा. गाडी सुरू होण्याइतकं टायमिंग यातून नक्की लागतं. पुढचं बारीक काम टायमिंग लाइटने.

लक्षणावरून सुरुवात कुठून करायची

किल्ली सोडताक्षणी इंजिन बंद पडतं: बॅलास्ट तुटलंय, किंवा स्विचची ‘रन’ची बाजू गेलीय. पायरी ४.

सेल्फ चालू असताना काही नाही, किल्ली सोडताना मात्र इंजिन एकदा धरू पाहतं: बॅटरी कमजोर आहे, किंवा बॅलास्टला वळसा घालणारी वायर करंट देत नाही. पायरी २ आणि ४.

थंड असताना उत्तम, तापल्यावर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू: कॉइल किंवा कंडेन्सर. असंच लक्षण पेट्रोलची वाफ अडकल्यानेही दिसतं, म्हणून बंद पडल्या पडल्या, गाडी थंड होण्याआधी, ठिणगी बघा. त्यासाठी लॅम्प आणि प्लग पाना गाडीतच ठेवलेला बरा.

पावसाळी सकाळी सुरू होत नाही, दुपारी होते: कॅप आणि वायरींचा ओलावा.

इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवलेलं असेल तर

मॉड्युलला पूर्ण व्होल्टेज आणि पक्का अर्थ लागतो, म्हणून पायरी २ आणि ४ दुप्पट काळजीने करा. त्याच्या वायरी क्षणभरही उलट्या लावू नका, मॉड्युल जागच्या जागी जळतं. इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवून देणं याला पॉइंटांपेक्षाही जास्त बाधतं. मॉड्युलवर संशय असेल तर जुनी पॉइंटांची बेसप्लेट परत बसवून बघा. गाडी सुरू झाली तर शंका मिटली. म्हणून मॉड्युल बसवताना काढलेली पाटी, पॉइंट आणि कंडेन्सर एका पिशवीत घालून डिकीत ठेवा, गॅप आधीच लावून आणि लागणारा पेचकस त्याच पिशवीत टाकून.